सिद्राममामांचे साहेब

सिद्राममामा आपल्या उजव्या पायाच्या अंगठ्याला साहेब म्हणतात. लाडानं नव्हे, अगदी आदरार्थी बहुवचनात. सकाळी माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहायचे, चप्पल काढायचे आणि जाहीर करायचे, "साहेब रात्रीपास्नं तापलेत." कधी म्हणायचे, "साहेबांचा आज मूड न्हाई." नवखं गिऱ्हाईक इकडंतिकडं बघायचं. साहेब काही दिसायचे नाहीत. मग मामा खाली बोट दाखवायचे. तिथं त्यांचा अंगठा असायचा. सुजलेला, मुळाशी वरच्या बाजूला हाडाचं टेंगूळ आलेला, आणि बाकीच्या चार बोटांपासून फटकून राहणारा.

"मालक, तुमीच इचार करा," ते मला म्हणाले होते. सोलापुरात कुणीही कुणाला मालक म्हणतो, त्यानं आपण कशाचेच मालक होत नाही. "ह्यो काम करतो का? न्हाई. वाकतो का? न्हाई. बाकीच्यांनी ह्याला सांभाळून घ्यायचं, आनि जरा हात लावला की वरडतो. मग ह्याला साहेब न्हाई तर काय शिपाई म्हनू?"

नवी पेठेच्या मागच्या गल्लीत माझं औषधाचं दुकान आहे. माणसं दुखणं घेऊन आधी माझ्याकडं येतात, मग डॉक्टरांकडं जातात, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं खरं की खोटं हे विचारायला परत माझ्याकडं येतात. या येण्याजाण्यानं माझा स्वभाव तिरसट झाला आहे, असं घरात बोलतात. असेल. दिवसभर काउंटरच्या मागं उभं राहून माणसं बघितली की गोड राहायला काही कारण सापडत नाही.

मामा पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. म्हणजे रस्त्यातल्या लोखंडी झाकणाखाली जो व्हॉल्व्ह असतो, तो उंच चावीनं फिरवून गल्लीत पाणी सोडणारे. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. त्यामुळं चावीवाला हा माणूस जावयापेक्षा जास्त मान मिळवतो. मामांच्या नोकरीत त्यांना लग्नाच्या पहिल्या पंगतीत पाट असायचा, गणपतीच्या आरतीला ताट त्यांच्या हातात असायचं. रस्त्यानं चालले की दारादारातून हाका, "मामा, चहा घेऊन जावा की." ते रिटायर झाले आणि नवा चावीवाला आला. चहा त्याच्याकडं गेला. जी माणसं मामांना बघून स्कूटर थांबवायची, तीच त्यांना बघून वेग वाढवू लागली. मी चिडायचो. मामा म्हणायचे, "होगली बिडरी." त्यांचं आजोळ अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळं मनाला लागलेली गोष्ट ते नेहमी कानडीत टाळतात. जाऊ द्या हो, असा त्याचा अर्थ.

साहेबांचा जन्म नोकरीतच झाला. व्हॉल्व्हवरचं झाकण सटकून अंगठ्यावर पडलं होतं. त्या दिवशी पाणी सोडायचा वार होता, म्हणून मामांनी फडकं गुंडाळलं आणि तसेच पुढच्या गल्लीत गेले. हाड आपल्या मर्जीनं जुळलं. पुढं नोकरीभर त्यांनी त्याच पायाचा रेटा देऊन चावी फिरवली. "तवा ते साहेब नव्हते," मामा म्हणतात. "तवा साधा अंगठा व्हता. रिटायर झाल्यावर प्रमोशन झालं."

पण एक गोष्ट मला लवकरच कळली. अंगठा दुखायला लागला, तसं मामांकडं पुन्हा कुणीतरी बघायला लागलं. "मामा, साहेब काय म्हणतात?" असं जाता जाता लोक विचारायचे. विचारणाऱ्याला उत्तराची गरज नसायची, पण मामा थांबून सविस्तर द्यायचे. प्रत्येकाचं साहेबांबद्दल काही ना काही मत होतं. शेजारच्या रझियाभाभी एरंडाचं पान गरम करून बांधा म्हणायच्या आणि स्वतःच आणून द्यायच्या. भाजीवाला मिठाच्या पाण्याचा होता. दुधवाला म्हणायचा, वात आहे, वांगं बंद करा. मामा सगळं करायचे. एकाला नाही म्हटलं तर तो उद्या विचारणार नाही, हे त्यांना माहीत होतं. सोलापुरात राहून वांगं सोडणारा माणूस किती एकटा असेल याचा अंदाज करा.

माझ्याकडं मात्र ते गोळीसाठी यायचे.

"मालक, ती पांडरी गोळी द्या."

"कालच नेली की."

"ती साहेबांनी खाल्ली."

"मामा, रोज खाऊन किडनी खराब होईल."

"किडनी कुटं दिसती? साहेब समोर दिसत्यात."

शेवटी मीच त्यांना रिक्षात घालून हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी अंगठा धरला आणि वरच्या बाजूला वाकवून बघितला. मामा कळवळले, "साहेब, साहेबांना सोडा."

डॉक्टर थांबले. "कोण साहेब?"

मी खुलासा केला. डॉक्टर हसले नाहीत, त्यामुळं माझं त्यांच्याबद्दल बरं मत झालं. त्यांनी एक्स-रे काढून घेतला, दिव्यासमोर धरला आणि मामांना समजेल असं सांगितलं. अंगठ्याच्या मुळाशी जो सांधा असतो, त्याची गादी झिजून गेली आहे. हाडावर हाड घासतं, म्हणून वर टेंगूळ वाढलं. चालताना पाऊल उचलायच्या वेळी सगळा भार अंगठ्यावर येतो आणि तो तिथं वाकावा लागतो. यांचा वाकत नाही, म्हणून प्रत्येक पावलाला कळ येते.

"मग कापायचं कवा?" मामांनी विचारलं. त्यांना तारीख हवी होती. आयुष्यभर त्यांनी वार बघून पाणी सोडलं होतं.

"एक्स-रे बघून ते ठरत नाही," डॉक्टर म्हणाले. "याहून वाईट एक्स-रे असलेली माणसं तळ्याला फेऱ्या मारतात, आणि याहून बरा असलेली घरात बसून असतात. दुखण्यामुळं तुमचं काय काय बंद पडलं, ते तुम्ही बघा. गोळ्या, बूट सगळं करूनही बंद पडलेलं जास्त आणि चालू असलेलं कमी झालं, की या. मग ऑपरेशन करू."

त्यांनी कडक तळाचे बूट लिहून दिले. पुढून जरा उचललेले, म्हणजे अंगठा न वाकवता पाऊल पुढं सरकतं. पांढरा पायजमा, पांढरी टोपी आणि खाली ते काळे बूट, असे मामा गल्लीतून निघाले की मागून कुणीतरी "मामा, होडी कुठं निघाली?" म्हणायचं. मामा हात वर करून सलाम द्यायचे. बुटांनी काही महिने बरं वाटलंही.

आता डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. पण मामांनी ते पाणीपुरवठ्याच्या भाषेत समजून घेतलं. त्यांनी हद्द ठरवली. पहिली हद्द सिद्धेश्वरच्या तळ्याची. रोज सकाळी तळ्यापर्यंत जायचं आणि यायचं. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी ऑपरेशन. थंडी पडली आणि एके दिवशी मामा अर्ध्या रस्त्यातून परत आले. मी म्हटलं, "चला, डॉक्टरांकडं." मामा गंभीरपणे म्हणाले, "मालक, तळं आपल्या हद्दीत येत न्हाई. ते दुसऱ्या झोनमदी हाय."

मग हद्द भाजीबाजारापर्यंत आली. तिथं जाणं थांबलं, तेव्हा मामांना आठवलं की एकट्या माणसाला भाजी लागते किती. मग हद्द आली कोपऱ्यावरच्या व्हॉल्व्हपर्यंत. पाण्याच्या दिवशी मामा तिथं जाऊन उभे राहायचे आणि नव्या चावीवाल्याला सूचना द्यायचे, "हळू सोड रं, वरच्या अंगाला हवा भरती." नवा माणूस ऐकून घ्यायचा, चांगला होता. उन्हाळ्यात मामा कोपऱ्यापर्यंत जाईनासे झाले. घराच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसायचे आणि झाकण उघडल्याचा आवाज आला की तिथूनच, कुणी ऐकत नसताना, "हळू सोड" म्हणायचे. मी ते दुकानातून बघायचो. मला त्यांची कीव यायची आणि त्या किवेचाही राग यायचा. अंगठा त्यांच्या हद्दी गिळत चालला होता आणि हा माणूस दर वेळी मागं सरून नवी रेघ मारत होता.

या सगळ्यात एक गोष्ट ठरलेली होती, ती म्हणजे रविवारचा फोन. मामांचा एकुलता एक मुलगा महेश पुण्यात एका कंपनीत आहे. मामी गेल्यापासून मामा एकटे राहतात. महेश दर रविवारी फोन करतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अप्पा, अंगठा कसा आहे?" मामांना त्याचं फार कौतुक. "इसरत न्हाई बगा. कितीबी काम असू द्या, आदी अंगठा इचारतो." मुलाशी बोलताना मामा साहेब म्हणायचे नाहीत, अंगठाच म्हणायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "त्यो सोता तितं साहेब हाय. त्याला कसं सांगनार, तुज्या बापाच्या अंगठ्याला बी साहेब म्हनतेत?"

एक्स-रे काढला तेव्हा मामांच्या सांगण्यावरून त्याचा फोटो मीच त्यांच्या मोबाईलवरून महेशला पाठवला होता. थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं. शब्द नव्हते, नुसता तो पिवळा अंगठा, वर केलेला. मामांनी तो मोबाईल गल्लीभर दाखवला. "अंगठ्याला अंगठा पाटवला बगा पोरानं." लोक हसले, मामा हसले. मला हसू आलं नाही. माझाही मुलगा बाहेर असतो आणि मला तो पिवळा अंगठा चांगला ओळखीचा आहे. वाचलं, असं सांगायला तो असतो, आणि न वाचताही पाठवता येतो.

पावसाळ्याच्या तोंडावर गोष्ट घरात आली. आमच्या जुन्या घरांतून नळ जमिनीखाली खड्ड्यात असतात, कारण पाण्याला जोर नसतो. भांडं भरायचं तर खड्ड्याशी उकिडवं बसावं लागतं, आणि उकिडवं बसायचं तर अंगठा वाकावा लागतो. एका पाण्याच्या दिवशी रझियाभाभी दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "भाईजान, मामांचं पाणी आता मीच भरते. ते खाली बसतात आणि उठता येत नाही त्यांना. आज भिंतीला धरून रडत होते. मी बघितलं असं सांगू नका."

सगळ्या पेठेला पाणी देणारा माणूस स्वतःची घागर भरू शकत नव्हता. मी दुकान नोकरावर टाकलं आणि मामांच्या घरी गेलो. त्यांनी मला बघितलं आणि न विचारताच म्हणाले, "घागर बी आता आपल्या हद्दीत..." मी म्हटलं, "चला." ते उठले. बूट मी घातले त्यांच्या पायात.

डॉक्टरांनी बघितलं आणि या वेळी शंका ठेवली नाही. नुसतं टेंगूळ काढून भागण्यासारखं राहिलं नव्हतं. सांधाच बांधून टाकायचा, दोन्ही हाडं एकमेकांना जोडून.

"म्हंजे जाम करनार?" मामा म्हणाले. "आता बी जामच हाय की."

"आता जाम आहे आणि दुखतोय. नंतर जाम असेल आणि दुखणार नाही. पूर्वीसारखं उकिडवं बसणं अवघडच जाईल, पण चालाल. तळ्यापर्यंत जाल."

 मामांनी मनात काय मोजलं मला माहीत नाही, पण चेहरा सैल झाला. "तळ्यापरेंत," ते म्हणाले.

"महिना-दीड महिना मात्र पावलाच्या पुढच्या भागावर भार द्यायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "न्हाणीघरात जाताना, उठताबसताना सोबत लागेल. घरी कोण आहे?"

"पोरगा हाय," मामा म्हणाले. एवढ्या ठसक्यात, की डॉक्टरांनी पुढं काही विचारलंच नाही.

त्या रविवारी मामांनी फोनवर सांगितलं, अंगठ्याचं ऑपरेशन ठरलंय, येशील का. महेश म्हणाला, येतो, रजा टाकतो. खरं सांगतो, मला अपेक्षा नव्हती. तोपर्यंत एक वस्तू पाठवतोय, ती वापरून बघा, असंही म्हणाला. मामांनी घर झाडून घेतलं. माळ्यावरची गादी उन्हात टाकायला लावली. गल्लीत येणाऱ्याजाणाऱ्याला उंबऱ्यातूनच सांगायचे, "पोरगं येनार हाय, म्हैनाभर." साहेबांचा विषय मागं पडला. मी त्यांना इतकं खूश त्यांच्या नोकरीतसुद्धा बघितलं नव्हतं.

पार्सल माझ्या दुकानात आलं, कारण कुरियरवाल्यांना आमच्या गल्लीत माझ्या दुकानाची पाटीच तेवढी सापडते. मी मामांना बोलावणं धाडलं. ते भिंत धरत धरत, थांबत थांबत आले. मी म्हटलं, मीच आणलं असतं. "पोरानं पाटवलंय," म्हणाले, "मी यायला नको व्हय?"

पायरीवर बसून त्यांनी खोका फोडला. आत एक काळा पट्टा होता, मऊ कापडाचा, मधे कडक पट्टी असलेला, चिकटपट्टीनं आवळायचा. आणि एक चमचा, जाड रबरी दांड्याचा. मामांनी चमचा बाजूला ठेवला. पट्टा उलटसुलट करून बघितला, बूट काढला आणि तो पायावर चढवायला लागले. एका नळीसारख्या भोकात अंगठा घातला. पुढचा भाग पावलावर बसेना. ओढला, वळवला. "साहेबांना जरा तंग व्हतंय," म्हणाले. "दम धरा, बसंल."

तो पट्टा मी दुकानात विकतो. हाताच्या अंगठ्याचा असतो तो. मनगटाला गुंडाळायचा आणि अंगठा नळीत घालायचा, सांधा दुखत असला की. खोक्यावर हाताचं चित्र होतं, एवढं मोठं. मी ते बघत होतो आणि मामा पायावर पट्टा ओढत होते. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग खोक्याकडं.

नेमका तेव्हाच महेशचा फोन आला. पार्सल पोचल्याचा मेसेज त्याला गेला असणार. मामांना बारीक ऐकू येत नाही, म्हणून त्यांचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो.

"अप्पा, मिळालं ना? घालून बघा. मनगटाला नीट बसतो का? चमचा मुद्दाम जाड दांड्याचा घेतला, तुम्हाला धरायला सोपा जाईल. जेवताना त्रास होत असेल ना? आणि ऑपरेशननंतर डाव्या हातानं जेवावं लागेल, त्याची सवय करा आत्तापासूनच."

मी काउंटरवरून हात पुढं केला. मला फोन हवा होता. त्या मुलाला दोन शब्द सांगायचे होते आणि ते सभ्य नव्हते. मामांनी मान हलवली. नको. त्यांचा एक हात अजून पायावरच्या पट्ट्यावर होता.

"बसला रं," ते म्हणाले. "लई बेस हाय. मनगटाला बराबर बसला."

"मग झालं. आठवडाभर घाला, कदाचित ऑपरेशन लागणारही नाही. मी वाचलंय त्यावर बरंच."

फोन संपला.  दोन वर्षं दर रविवारी हा मुलगा बापाचा अंगठा विचारत होता आणि कोणता ते त्याला माहीत नव्हतं. वाकत नाही, सुजलाय, सांधा झिजलाय, सगळं ऐकलं होतं त्यानं. ऐकून एका भलत्याच अंगठ्याची काळजी केली होती. एक्स-रेचा फोटो उघडून बघितला असता तर पाचही बोटं पायाची दिसली असती.

"चूक माजी हाय," मामा पायावरचा पट्टा सोडवत म्हणाले. "मी कदी पायाचा असं म्हनलोच न्हाई. अंगठा म्हनलं की त्याला कळंल, असं मला वाटलं."

"दिवाळीला आला होता की तो," मी म्हटलं. "पाया पडला असेल ना तुमच्या?"

"पडला की," मामा म्हणाले. "पाया पडताना बी..." आणि त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. हल्लीची पोरं गुडघ्यापर्यंत वाकतात आणि हात परत घेतात, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

"आत्ता फोन लावतो आणि सांगतो त्याला," मी म्हटलं.

"न्हाई सांगायचं मालक. तुमाला माजी शप्पत हाय."

"मग तो येईल तेव्हा बघेलच की. पायाला एवढं मोठं बँडेज असेल."

"म्हनूनच," मामा म्हणाले. "त्यो येनार, पायाचं बँडेज बगनार, आनि त्याला कळनार की बाप येक सांगत व्हता आनि मी दुसरंच ऐकत व्हतो. पोरगं शरमंनं मरंल. पुन्हा माज्याकडं मान वर करून बगनार न्हाई. दर आयतवारी आटवनीनं इचारतो ओ त्यो. चुकीचा इचारतो, पन इचारतो. ते बी बंद पडंल."

"मग ऑपरेशन?"

"राहू द्या."

"मामा, घागर भरता येत नाही तुम्हाला."

"राहू द्या म्हनलं ना." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. त्यांनी पट्टा खोक्यात घातला, चमचा घातला, खोका काखेत धरला आणि भिंतीच्या आधारानं निघाले. मागं पायरीवर एक बूट राहिला होता. मी तो घेऊन त्यांच्या मागं गेलो. मला त्यांचा राग आला होता, मुलाचा आला होता, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या साध्या नियमाचाही आला होता. काय बंद पडलं ते बघा म्हणाले होते ते. मामांनी बघितलं होतं. तळं, बाजार, कोपरा, घागर, सगळं एका पारड्यात टाकून दुसऱ्या पारड्यात त्यांनी एक फोन ठेवला होता, आणि तो जड भरला होता.

डॉक्टरांना नकार कळवायचं काम माझ्यावर आलं. ते म्हणाले, ठीक आहे, पण का? मी म्हटलं, घरगुती कारण आहे. याहून खरं मला सुचलं नाही.

परवाच्या रविवारी मी गोळ्या द्यायला मामांच्या घरी गेलो होतो. आता त्यांना दुकानापर्यंत येववत नाही. ते खाटेवर पाय लांब करून बसले होते. फोन वाजला, व्हिडिओचा. मामांनी तो लगेच घेतला नाही. उशीखाली हात घालून काळा पट्टा काढला, उजव्या हाताच्या मनगटाला गुंडाळला, अंगठा नळीत घातला, चिकटपट्टी नीट दाबली, टोपी सारखी केली आणि मग बटण दाबलं.

"अप्पा, कसा आहे अंगठा? दाखवा बघू."

मामांनी हात पडद्यासमोर धरला.

"पट्टा सरकवून जरा वाकवून दाखवा."

मामांनी पट्टा सरकवला आणि आपला धडधाकट अंगठा हळूहळू वाकवला. मधे थोडं थांबले, दुखत असल्यासारखे, आणि मग पूर्ण वाकवला.

"अरे वा! पूर्ण वाकतोय की. बघा अप्पा, उगाच ऑपरेशन करून बसला असता."

"व्हय रं," मामा म्हणाले. "तुज्यामुळं वाचलो."

"मग मी रजा टाकत नाही आता."

"नको टाकू. काम बग तुजं."

फोन बंद झाला. मामा काही वेळ तो हातात धरून हसत बसले. "खूश झालं पोरगं," मला म्हणाले. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. मग त्यांना न्हाणीघरात जायचं होतं. त्यांनी पाय खाली सोडले, टेकवताना दात आवळले, आणि उठायला माझ्यापुढं हात केला. पट्टा अजून त्याच हाताला होता. मी हात दिला. त्या पट्ट्यातल्या अंगठ्यानं तो इतका घट्ट धरला, की मला दुखलं.